प्रिंट किती निघाले, की माणसे किती आली? फोटो बूथवरील सहभाग मोजण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात दोन वर्षांपासून फोटो बूथचा, म्हणजे कार्यक्रमात पाहुण्यांचे फोटो काढून तिथेच छापून देण्याचा, व्यवसाय करणाऱ्या एका तरुणाने महामार्गालगतच्या एका वाहन विक्री दालनाच्या उद्घाटनाला बूथ लावला होता. चार तासांत ४१२ प्रिंट निघाले आणि हा आकडा त्याने बिलासोबत कळवला. त्यावर दालनाच्या व्यवस्थापकाने विचारले, "४१२ प्रिंट म्हणजे किती माणसे? आलेल्यांपैकी किती? आणि ती खरोखर रमली, की फुकट आहे म्हणून उभी राहिली?" या प्रश्नांना काय उत्तर द्यावे आणि पुढच्या कार्यक्रमात काय मोजावे, असे त्याला विचारायचे आहे.

व्यवस्थापकाचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि प्रिंटच्या आकड्यातून त्यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. मी रोलच्या कॅमेऱ्यापासून या धंद्यात आहे. बूथ लावायला लागल्याला दहा-अकरा वर्षे झाली, आणि त्यांतली पहिली काही वर्षे मीसुद्धा प्रिंटचाच आकडा छातीठोकपणे सांगत असे. त्यामुळे पुढचे जे लिहितो आहे ते बरेचसे माझ्याच चुकांमधून आलेले आहे.

आधी तुमचा ४१२ हा आकडा कुठून आला ते तपासा. आपल्याकडच्या बहुतेक बूथवर डाय-सब्लिमेशन, म्हणजे रंगाच्या फितीला उष्णता देऊन कागदावर फोटो उमटवणारा, प्रिंटर असतो. डीएनपी या जपानी कंपनीच्या आरएक्स१ एचएस प्रिंटरच्या एका रोलवर ४ बाय ६ इंचाचे ७०० प्रिंट निघतात, डीएस६२० च्या रोलवर ४००, आणि रोलवर किती उरले हे प्रिंटर दाखवतो. बहुतेक ऑपरेटर सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा आकडा एवढाच हिशेब करतात. पण २ बाय ६ च्या पट्ट्या देत असाल, तर प्रिंटर एकच ४ बाय ६ चा कागद छापतो आणि तो उभा कापून दोन पट्ट्या बाहेर टाकतो. म्हणजे कागद एक, पट्ट्या दोन. तुमचे ४१२ कागद असतील तर हातांत ८२४ पट्ट्या गेल्या. ४१२ पट्ट्या असतील तर कागद २०६ च लागले. शिवाय त्यात रंग तपासायला काढलेले आणि कागद अडकून वाया गेलेले प्रिंट आहेतच. एवढे निश्चित केले तरी तो आकडा रोल किती संपला, म्हणजे तुमचा खर्च किती झाला, एवढेच सांगतो. पार्टीला, म्हणजे आपल्याला काम देणाऱ्या ग्राहकाला, त्यात रस असण्याचे कारण नाही.

प्रिंट आणि माणूस यांचे नाते किती सैल असते, याचे एक दृश्य सांगतो. कागलकडच्या एका लग्नात एक अकरा जणांचे कुटुंब बूथसमोर आले. आजोबांनी प्रॉप्सच्या टेबलावरची थर्माकोलची गदा खांद्यावर घेतली, सुनेने नाकात दाबाची नथ अडकवली, दोन पोरे पुढे मांडी घालून बसली, आणि आजोबा म्हणाले, "आमचा येकच काढा, सगळी मावतोय." एक सेशन आणि एक प्रिंट. तो प्रिंट त्यांनी घडी न घालता लग्नपत्रिकेत ठेवला आणि पत्रिका आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात गेली. त्याच लग्नात नवरीच्या दोन मैत्रिणी पाच वेळा आल्या, दर वेळी दोघींत मिळून दोन कॉपी घेऊन गेल्या. प्रिंटच्या हिशेबात त्या दोघी दहा आणि ते अकरा जण एक. चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या गावात कॅमेऱ्यासमोर उभे राहायला कुणाला शिकवावे लागत नाही हे खरे, पण मोजणाऱ्याने मात्र कोण उभे राहिले हे पाहिले पाहिजे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की प्रिंट, सेशन, हजेऱ्या आणि माणसे हे चार आकडे वेगवेगळे लिहावेत. सेशन म्हणजे बूथ किती वेळा चालला; हजेऱ्या म्हणजे सर्व सेशनमधील चेहऱ्यांची बेरीज, ज्यात पुन्हा आलेला माणूस पुन्हा मोजला जातो; आणि माणसे म्हणजे एकदा तरी बूथवर आलेले वेगवेगळे पाहुणे. पहिले दोन आकडे यंत्र देते. तिसरा फोटो पाहून मिळतो. चौथ्यासाठी कार्यक्रम चालू असतानाच काहीतरी करावे लागते, आणि गंमत अशी की पार्टीला हवा असतो तो नेमका चौथाच.

हा चौथा आकडा मी टिकल्यांनी काढतो. महाद्वार रोडवर कपाळाला लावायच्या गोल टिकल्यांची पाकिटे मिळतात, तीच. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या कौटुंबिक मेळाव्याचे उदाहरण घेऊ. फाटकावर प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली जात होती. बूथवरून प्रिंट घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाच्या पट्टीवर माझा मदतनीस एक लाल टिकली चिकटवायचा. पट्टीवर आधीच लाल टिकली दिसली तर हिरवी लावायचा. आणि दोन्ही असतील तर काहीच नाही. सुरुवातीला ४०० लाल टिकल्या मोजून घेतल्या होत्या. रात्री ११४ उरल्या, सहा टेबलाला आणि मदतनिसाच्या बाहीला चिकटलेल्या सापडल्या. म्हणजे २८० माणसे. हिरव्या ७४ गेल्या, म्हणजे चौऱ्याहत्तर जण किमान दोनदा आले. लहान मुली ती टिकली पट्टीवरून काढून कपाळाला लावतात आणि पुन्हा हात पुढे करतात, हे गृहीत धरून मदतनिसाने कपाळाकडेही बघायचे असते.

त्याच रात्रीचे बाकीचे आकडे शेजारी ठेवून पाहा. सेशन ११८. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो पाहून चेहरे मोजले, ते ४१३. म्हणजे एका सेशनला सरासरी साडेतीन माणसे. प्रिंटरवर आकडा ३८६: प्रत्येक सेशनच्या ठरलेल्या दोन कॉपी धरून २३६, मागून घेतलेल्या जादा कॉपी १४१ आणि चाचणीचे व वाया गेलेले ९. हजेऱ्या ४१३ आणि माणसे २८०. दुसऱ्या फेरीच्या ७४ हजेऱ्या वजा केल्यावर उरलेल्या ५९ तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या, आणि त्यांत बहुतेक पोरेच होती. बूथवर एकच संध्याकाळ गेली, पण कोणता आकडा उचलतो त्यावर तुम्ही पार्टीला ३८६ सांगाल, ४१३ सांगाल किंवा २८० सांगाल.

शंभर-सव्वाशे सेशन असतील तर नमुना वगैरे काढत बसू नये. सगळे फोटो भराभर पुढे ढकलत चेहरे मोजायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाचशेच्या पुढे सेशन गेले तरच दर पाचवा फोटो घ्यावा, आणि तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत समान अंतराने. फक्त सुरुवातीचे शंभर घेऊ नयेत, कारण सुरुवातीला जोडपी येतात आणि जेवणानंतर अख्खी कुटुंबे येतात. चेहरे मोजणारे सॉफ्टवेअर मी वापरून पाहिले आणि सोडून दिले. एका तरुण मंडळाच्या कार्यक्रमात त्याने पाहुण्यांबरोबर मागच्या फ्लेक्सवरचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि झाडून सगळे शुभेच्छुक प्रत्येक फोटोत नव्याने मोजले. जी सॉफ्टवेअर चेहऱ्यावरून आनंद मोजण्याचा दावा करतात, त्यांच्याविषयी तर एवढेच म्हणेन की काठीवरच्या कागदी मिशा तोंडासमोर धरलेल्या माणसाचे हसू यंत्राला कसे दिसणार?

आता व्यवस्थापकाचा दुसरा प्रश्न: आलेल्यांपैकी किती? इथे बहुतेकांचा हिशेब कोसळतो, कारण अंश मोजण्यात सगळी मेहनत जाते आणि भाजक कुणीतरी स्टेजवरून सांगितलेला असतो. "पाच हजार लोक आले होते" हे वाक्य कोल्हापुरात कोणत्याही कार्यक्रमाविषयी म्हणता येते. भाजक स्वतः मिळवावा. लग्नात सगळ्यांत विश्वासू माणूस केटरर, कारण त्याचे बिलच ताटांवर असते. मात्र लहान मुले आईच्या ताटात जेवतात आणि बुफेत काही जण दोन प्लेट घेतात, हे ध्यानात ठेवून त्याचा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. कंपनीच्या कार्यक्रमात फाटकावरच्या पट्ट्या किंवा जेवणाची कुपने उपयोगी पडतात. काहीच नसेल तर दारात एक मुलगा अंगठ्याने दाबायचा काउंटर देऊन उभा करावा. जाणाऱ्या-येणाऱ्यांत तोच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून त्याने फक्त आत येणारे मोजावेत आणि वाहनतळावर काहीतरी आणायला गेलेल्यांकडे डोळा ठेवावा.

फाउंड्रीच्या मेळाव्यात ५२० पट्ट्या बांधल्या गेल्या होत्या. त्यांतले ६० जण वाढपी, ध्वनिव्यवस्थेची मुले, सुरक्षारक्षक आणि ऑर्केस्ट्रावाले होते. ते वजा केल्यावर पाहुणे ४६०. त्यांतले २८० बूथवर आले, म्हणजे ६१ टक्के. प्रिंटचाच आकडा धरला असता तर ३८६ भागिले ४६० करून ८४ टक्के सांगून मोकळा झालो असतो. ही तेवीस टक्क्यांची तफावत म्हणजे कुणी मुद्दाम खोटे बोलल्याने पडणारी तफावत नव्हे; चुकीचा आकडा चुकीच्या आकड्याने भागला की ती आपोआप पडते.

मात्र ६१ टक्के हा आकडा पाहुण्यांच्या उत्साहाचा आहे की आपल्या यंत्राच्या कुवतीचा, हे पाहिल्याखेरीज तो पुढे करू नये. या मुद्द्यावर मी थोडा जास्त रेंगाळतो, कारण माझ्या मते व्यवसायाच्या दृष्टीने सगळ्यांत उपयोगी गोष्ट इथेच आहे. एका सेशनला, म्हणजे प्रॉप्स निवडणे, उभे राहणे, तीन वेळा उलटी मोजणी, आणि प्रिंट हातात पडणे, याला माझ्या बूथवर सरासरी ८० सेकंद लागतात. त्या हिशेबाने तासाला ४५ सेशनपेक्षा जास्त होणेच शक्य नाही. मेळाव्यात बूथ साडेपाच ते साडेनऊ चालू होता, पण मध्ये पाऊण तास भाषणे होती आणि त्या वेळात चारच सेशन झाले. भाषणे संपल्यावर, साडेसात ते साडेआठ या तासात, ४३ सेशन झाले. म्हणजे त्या तासात बूथ जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेला होता. त्याहून कितीही उत्साही लोक आले असते तरी आकडा वाढला नसता.

रांग किती होती हे मदतनीस दर दहा मिनिटांनी नजरेने मोजून वहीत लिहीत होता. त्या तासात सरासरी नऊ गट थांबलेले होते. इथे रांगांच्या शास्त्रातला एक साधा नियम कामी येतो, जो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. रांग बराच वेळ साधारण तेवढीच राहत असेल, तर तो उलटा वापरून थांबण्याचा वेळ काढता येतो. त्या तासात सेशन झालेले ४३ आणि कंटाळून रांग सोडलेले ११ मिळून ५४ गट रांगेला लागले; नऊ भागिले तासाला ५४, म्हणजे सरासरी दहा मिनिटे. कुणाच्या हातात घड्याळ देऊन उभे करण्याची गरज नाही. आणि दहा मिनिटे म्हणजे कडेवर पोर घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी फार वेळ. त्या तासात अकरा गट रांगेत उभे राहून नंतर निघून गेले, म्हणजे रांगेला लागलेल्या पाच गटांपैकी एक. अख्ख्या संध्याकाळचे असे गट १४. साडेतीनच्या सरासरीने ही ४९ माणसे झाली, आणि ती सगळी नवी असती असे धरले तर सहभाग ६१ वरून ७२ टक्क्यांवर गेला असता. पुढच्या वर्षी त्या कंपनीला मी हाच हिशेब दाखवला आणि दुसरा बूथ लावला. "लोकांना फार आवडले" या वाक्यावर दुसऱ्या बूथचे पैसे कुणी देत नाही.

रांग सोडून जाणाऱ्यांची नोंद ठेवायला मदतनिसाच्या डाव्या खिशात वेगळा काउंटर असावा. त्याला मात्र स्पष्ट सांगावे की रांगेत लागून मग गेले तेच मोजायचे. लांबूनच रांग बघून मान हलवून गेलेले यात येत नाहीत. त्यांच्यासाठी मी दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे बूथपासून थोडे दूर उभा राहतो आणि समोरून किती गेले, किती थबकले, किती रांगेला लागले एवढे तीन आकडे लिहितो. यातून जागेचा दोष कळतो. पूर्वी मी बूथ प्रवेशद्वाराजवळ मागून घेत असे, कारण तिथून सगळे जातात. सगळे जातात हे खरे, पण तेव्हा त्यांना वधूवरांना भेटायचे असते, आहेर द्यायचा असतो, ओळखीचे चेहरे शोधायचे असतात, थांबतो कोण? नंतर जेवणाच्या रांगेजवळ लावून पाहिला, तर तांबड्या रश्श्याची बोटे प्रिंटवर आणि फेट्यांवर उमटू लागली. आता मी हात धुण्याच्या जागेपासून बाहेर पडण्याच्या वाटेवर बूथ मागतो. पोट भरलेले असते, हात स्वच्छ असतात, आणि कुटुंब पुन्हा एकत्र आलेले असते. थबकणाऱ्यांच्या आकड्यात पडलेला फरक पहिल्याच कार्यक्रमात उघड दिसला.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: खरोखर रमली, की फुकट म्हणून उभी राहिली? न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९२५ साली अनातोल जोसेफो यांनी सुरू केलेल्या फोटोमॅटॉनमध्ये आठ फोटोंच्या पट्टीला पंचवीस सेंट पडत आणि ती मिळायला सुमारे आठ मिनिटे लागत. तिथे पैसे टाकणे हाच आवडल्याचा पुरावा होता. आपल्या बूथवर पाहुणा पैसे देत नाही, त्यामुळे तो दुसरे काय खर्च करतो ते पाहावे लागते. तो वेळ खर्च करतो, आणि संकोच सोडतो. म्हणून फुकटातल्या बूथवर माझ्या लेखी चार खुणा वजनदार आहेत. किती वेळ थांबायला तयार झाला, हे वर आलेच. पुन्हा आला का, हे हिरवी टिकली सांगते. मेळाव्यात ते प्रमाण २८० मध्ये ७४, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त होते. आपण न विचारता "ओ दादा, आणि एक कॉपी द्या की, आईला दाखवायला" असे म्हणून मागितली का, हे जादा कॉपींच्या आकड्यात दिसते; म्हणूनच ऑपरेटरने स्वतःहून "अजून देऊ का?" असे विचारू नये, नाहीतर तो आकडा त्याच्या अगत्याचा होतो. एकदा मी ऑपरेटरला प्रिंटमागे बक्षीस ठरवले होते. त्या रात्री प्रिंट भरपूर निघाले आणि अर्धे खुर्च्यांवर पडून होते.

त्यावरूनच चौथी खूण सुचली, ती म्हणजे मागे पडलेले प्रिंट. कार्यक्रम संपल्यावर झाडलोट सुरू होण्याआधी मदतनिसाने मांडवात एक फेरी मारावी; खुर्च्या, टेबले, हात धुण्याची जागा, कचऱ्याचे डबे. मेळाव्यात वाटलेल्या ३७७ पैकी १७ प्रिंट सापडले. तेही सगळे नकोसे होते असे नाही, दोन-तीन विसरलेले दिसत होते. पण वीसांत एकाहून कमी प्रिंट मागे राहिला, हे वाक्य "पाहुणे आनंदी दिसत होते" यापेक्षा पार्टीला अधिक काही सांगते. ही फेरी एरवी कुणी मारताना मी पाहिलेले नाही, कारण तेव्हा सगळ्यांना सामान टेंपोत भरायची घाई असते.

क्यूआर कोड आणि ऑनलाइन गॅलरीच्या आकड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा उदोउदो गरजेपेक्षा जास्त होतो. एक स्कॅन म्हणजे एक माणूस नव्हे. आपल्याकडे कुटुंबातला एकच जण, बहुधा कॉलेजातला मुलगा, स्कॅन करतो आणि फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथून तो मामाकडे, मावशीकडे, पुण्या-मुंबईला जातो, आणि तुमच्या गॅलरीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे हे आकडे खऱ्या प्रसारापेक्षा कमी असतात. उलट बाजूने, दुवा कुठे पाठवला की त्याची छोटी झलक तयार करण्यासाठी काही ॲप स्वतःच पान उघडतात आणि तेही भेटीत मोजले जाते. शिवाय तुमचे स्वतःचे चाचणीचे स्कॅन असतात. पन्हाळा रस्त्यावरच्या काही लॉनवर रात्री हजार माणसे जमली की मोबाईलचे नेटवर्क मान टाकते आणि फोटो मध्यरात्रीनंतर वर चढतात. म्हणून मी गॅलरीचा आकडा त्या रात्री देतच नाही. चोवीस तासांनी एकदा आणि सात दिवसांनी एकदा देतो, आणि भेटींपेक्षा प्रत्यक्ष डाउनलोड केलेले फोटो किती, हे पुढे ठेवतो.

व्यवस्थापकाला मोबाईल नंबर हवे असणार, हे मी धरून चालतो. तिथे सावध राहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी आणि विनाअट दिलेली असावी लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. "नंबर दिला तरच फोटो" ही अट त्यात बसणे कठीण आहे. मोजणीच्या दृष्टीनेही ती घातक आहे, कारण त्यामुळे बूथवर येणाऱ्यांतले संकोची लोक गळतात, उरलेल्यांपैकी काही जण खोटा नंबर टाकतात, आणि जमलेली यादी उत्साहाची नसून नाइलाजाची असते. फोटो सगळ्यांना द्यावा; नंबर देण्याची जागा वेगळी ठेवावी, तिथे कशासाठी हवा ते मराठीत स्पष्ट लिहावे, आणि मग जितके देतील तो आकडा खरा. एका लग्नात मी गॅलरीला पासवर्ड लावला नव्हता आणि मुलीकडच्यांचे फोटो नको तिथे फिरले. ते ऐकून घेताना मान वर करायची सोय नव्हती. तेव्हापासून गॅलरी बंद कुलपातच असते.

आता तुमच्या झालेल्या कार्यक्रमाकडे वळतो. टिकल्या लावायची वेळ गेली, तरी सगळे गेलेले नाही. सेशनचे मूळ फोटो लॅपटॉपवर असतील. ते सगळे उघडून चेहरे मोजा, म्हणजे हजेऱ्या मिळतील. मग पुन्हा आलेले ओळखून वजा करा. चारच तासांचा कार्यक्रम आहे, कपडे तेच असतात, त्यामुळे साड्यांच्या आणि शर्टांच्या रंगांवरून हे बऱ्यापैकी जमते. दोन माणसांनी वेगवेगळे बसून करा आणि दोघांचे आकडे जुळत नसतील तर दोन्ही लिहा, मधला आकडा मनाने ठरवू नका. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो काढल्याची वेळ असते. तिच्यावरून दर पंधरा मिनिटांना किती सेशन झाले याचा तक्ता करा, म्हणजे बूथ कधी गच्च होता आणि कधी रिकामा, हे व्यवस्थापकाला एका नजरेत दिसेल. भाजकासाठी दालनाकडे अभ्यागतांची नोंदवही असेल, पेढ्यांचे बॉक्स किती वाटले याचा हिशेब नक्की असेल, आणि बॉक्स कुटुंबामागे एक दिला की माणसामागे एक, हे विचारून घ्यावे लागेल.

अहवाल एका पानाचा करा. "साधारण इतक्या पाहुण्यांपैकी साधारण इतके एकदा तरी बूथवर आले" हे पहिले वाक्य, आणि कोणता आकडा मोजलेला आहे व कोणता अंदाजाचा, हे त्याच वाक्यात. रांगेत थांबण्याचा वेळ या वेळी मोजला नाही, हेही लिहा. लपवले तर पुढच्या अहवालात तो आल्यावर शंका येते. एक गोष्ट मात्र व्यवस्थापकाने कितीही आग्रह केला तरी लिहू नका, ती म्हणजे बूथमुळे किती गाड्या विकल्या गेल्या. बूथवर आलेल्यांपैकी किती जणांनी नंतर चौकशी केली हे त्याच्या नोंदींवरून पाहता येईल, पण जो माणूस गाडी घ्यायच्याच विचाराने आलेला असतो तो सगळीकडेच जास्त वेळ रेंगाळतो, बूथवरही. तो श्रेयाचा दावा केलात, तर पुढच्या वेळी गाड्या खपल्या नाहीत की दोषही तुमच्याच माथी येईल.

आणि फोटोंच्या वेळा वाचायला बसण्याआधी कॅमेऱ्याचे घड्याळ आजच्या वेळेशी ताडून पाहा. माझ्या एका कॅमेऱ्यात ते साडेपाच तास मागे होते, आणि त्या तक्त्याप्रमाणे वऱ्हाड दुपारी अडीच वाजता रात्रीचे जेवण करत होते.